फेरी आधी, रस्ता नंतर : हॅम्बुर्गहून नॉर्वेच्या फ्योर्डांपर्यंत गाडीने कसं जावं

जर्मनीतल्या मराठी घरांत एप्रिल उजाडला की एक विषय हमखास निघतो. आई-बाबा भारतातून यायचे असतात, मुलांच्या सुट्ट्या जवळ आलेल्या असतात आणि कुणीतरी म्हणतं, ‘या वर्षी नॉर्वेला गाडीनेच जाऊ या.’ मग नकाशा उघडतो, हॅम्बुर्ग ते बर्गेन असं टाकलं जातं, स्क्रीनवर एक निळी रेघ येते आणि सगळे खूश होतात. त्या रेघेत मध्ये समुद्र आहे, आणि समुद्रावरचं जहाज आपल्यासाठी थांबत नाही, हे नंतर लक्षात येतं.

आम्ही हा प्रवास दोनदा केला. पहिल्यांदा दोघंच होतो, दुसऱ्यांदा आई-बाबा आणि सात वर्षांची लेक बरोबर होती. पहिल्या वेळी हॉटेलं आधी ठरवली आणि फेरी, म्हणजे गाड्या नेणारं जहाज, शेवटी बघितली. हवी ती वेळ भरलेली होती, पहाटेची मिळाली, आणि त्यासाठी रात्रभर गाडी चालवावी लागली. दुसऱ्या वेळी फेरीची तिकिटं सगळ्यात आधी काढली आणि पुढचे चौदा दिवस तिच्याभोवती मांडले. फरक इतका होता की हा लेख लिहावासा वाटला.

पहिलं काम : कोणती फेरी?

नॉर्वेला गाडी नेण्याचे मुख्य पर्याय असे. कीलहून ओस्लोला जाणारं मोठं जहाज दुपारी निघतं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पोचतं, म्हणजे साधारण २० तास. ज्यांना फक्त ओस्लो आणि आसपास बघायचंय आणि गाडी चालवायचा कंटाळा आहे, त्यांच्यासाठी हे उत्तम. केबिनमध्ये झोपायचं, सकाळी ताजंतवानं उतरायचं. कीलहून गोथेनबर्गलाही रात्रीची फेरी आहे, तिथून ओस्लो तीनशे किलोमीटरच्या आत. डेन्मार्कच्या उत्तर टोकावरच्या हिर्टशाल्सहून क्रिस्टियानसान्डला जाणारी फेरी सव्वातीन तासांत पलीकडे पोचवते. त्याच बंदरातून थेट स्टावांगर आणि बर्गेनलाही जहाज जातं, पण ते रात्रभराचं काम आहे. आणि एकही फेरी नको असेल तर डेन्मार्कचे दोन मोठे पूल ओलांडून स्वीडनमार्गे ओस्लो गाठता येतं. तो रस्ता लांब, पुलांचा टोल भरपूर.

माझं मत स्पष्ट आहे. फ्योर्ड, म्हणजे डोंगरांत खोलवर शिरलेल्या समुद्राच्या खाड्या, बघायचे असतील तर जाताना हिर्टशाल्स–क्रिस्टियानसान्ड आणि येताना ओस्लोहून स्वीडन, कोपनहेगनमार्गे घरी. एकच रस्ता दोनदा तुडवावा लागत नाही, पश्चिम किनारा ताज्या दमाने बघून होतो, आणि थकलेल्या शेवटच्या दिवसांत सरळसोट हायवे वाट्याला येतो. उलट दिशेने गेलात तर घाटरस्ते शेवटी येतात, तेव्हा चालवणाऱ्याचे खांदे भरून आलेले असतात.

तिकीट काढताना गाडीची लांबी आणि उंची विचारतात. इथे बरेच जण चुकतात. टपावर सामानाची पेटी किंवा मागे सायकलचा रॅक असेल तर तो धरून माप द्यायचं. कमी उंचीच्या गाड्यांच्या डेकवर जास्त उंचीची गाडी जात नाही, आणि बंदरावर आयत्या वेळी जादा पैसे भरूनही जागा मिळेलच असं नाही. टेप घेऊन खाली जा आणि खरोखर मोजा. जुलै-ऑगस्टसाठी तिकिटं मार्च-एप्रिलमध्येच काढावीत. थोडे पैसे जास्त गेले तरी तारीख बदलता येईल असंच तिकीट घ्या. म्हातारी माणसं आणि मुलं बरोबर असताना तो खर्च मला कधीच जड वाटला नाही.

कागदपत्रं

नॉर्वे युरोपियन युनियनमध्ये नाही, पण शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात आहे. त्यामुळे जर्मनीचा निवास परवाना असलेल्यांना वेगळा व्हिसा लागत नाही. पासपोर्ट आणि परवान्याचं कार्ड दोन्ही जवळ हवं. दर १८० दिवसांत ९० दिवसांची मर्यादा आहे, ती दोन आठवड्यांच्या सहलीला पुरून उरते. आई-बाबांच्या शेंगेन व्हिसावरही डेन्मार्क, नॉर्वे, स्वीडन चालतं. मात्र अर्ज ज्या देशात जास्त दिवस राहणार त्याच देशाकडे करायचा. मुक्काम मुख्यतः तुमच्याकडे जर्मनीत असेल तर जर्मनीकडे. प्रवास विमा किमान ३०,००० युरोचा लागतो. जर्मनी-डेन्मार्क सरहद्दीवर अधूनमधून गाड्या थांबवतात, म्हणून पासपोर्ट डिकीतल्या बॅगेत तळाशी ठेवू नका.

गाडी चालवण्याच्या परवान्याचं नीट बघा. जर्मनीत राहायला येऊन सहा महिने उलटले की भारतीय परवाना तिथे चालत नाही, जर्मन परवाना काढावाच लागतो. भारतातून पाहुणा म्हणून येऊन भाड्याची गाडी घेणाऱ्याने आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढून आणावा आणि मूळ परवानाही बरोबर ठेवावा. एकट्या आंतरराष्ट्रीय परवान्याला काही अर्थ नसतो. आणि गाडी भाड्याची असेल तर दोन गोष्टी लेखी विचारून घ्या : कोणत्या देशांत न्यायला परवानगी आहे, आणि फेरीवर चढवायला परवानगी आहे का. विम्याच्या अटी यावर फिरतात.

भारतीय कार्ड वापरणार असाल तर बँकेच्या ॲपमध्ये परदेशी व्यवहार आधीच सुरू करा, आणि ओटीपी येणारं सिम रोमिंगवर चालू ठेवा. तीन देशांचे तीन वेगवेगळे क्रोनर आहेत, पण रोख जवळपास लागतच नाही. पेट्रोल पंपावर माणूसही नसतो, कार्ड आणि पिन एवढंच.

खाण्याचं सामान, आणि बटाट्यांचा प्रश्न

नॉर्वेत बाहेर जेवणं महाग आहे आणि शाकाहारी माणसाला चॉइस कमी. म्हणून सगळे मराठी लोक करतात तेच करा, शिधा घेऊन जा. पण नियम कळले पाहिजेत. भारतातून येताना तूप, पनीर, पेढे, बर्फी असे दुधाचे पदार्थ आणि मांस युरोपात आणता येत नाही, हे आई-बाबांना निघण्याआधी सांगा; नाहीतर प्रेमाने आणलेला डबा विमानतळावर ठेवून यावा लागतो. जर्मनीतल्या दुकानातून घेतलेलं तूप नॉर्वेला न्यायला हरकत नाही. आणि नॉर्वेत बाहेरून बटाटे नेता येत नाहीत. पिकांवरच्या रोगांपासून बचाव म्हणून तो नियम आहे. आमच्या आईने पाच किलोची पिशवी डिकीत ठेवली होती. हिर्टशाल्सच्या आदल्या रात्री आम्ही त्यातल्या निम्म्यांची भाजी करून खाल्ली आणि बाकीचे मुक्कामाच्या घरमालकिणीला दिले.

पोहे, रवा, मूगडाळ, तांदूळ, मेतकूट, चटण्या, लोणचं, मसाल्याचा डबा, छोटा कुकर, थर्मास. एवढ्यावर दोन आठवडे निघतात. भाजी, दूध, दही तिथल्या स्वस्त दुकानसाखळ्यांत घ्या. रविवारी मोठी दुकानं बंद असतात, तेव्हा शनिवारी संध्याकाळीच घेऊन ठेवा.

हिर्टशाल्सपर्यंत

हॅम्बुर्ग ते हिर्टशाल्स साधारण पाचशे किलोमीटर. डेन्मार्कच्या या बाजूला टोल नाही. नकाशा साडेपाच तास म्हणेल, पण हॅम्बुर्गमधून बाहेर पडतानाच, एल्बेखालच्या बोगद्यापाशी, सुट्टीच्या शनिवारी दोन तास सहज जातात. म्हणून माझा ठाम आग्रह : फेरीच्या आदल्या रात्री उत्तर डेन्मार्कमध्ये मुक्काम. त्याच दिवशी निघून फेरी गाठायचा विचारही करू नका. चेक-इन जहाज सुटण्याच्या बरंच आधी बंद होतं. तिकिटावर ती वेळ लिहिलेली असते, सुटण्याची वेळ लक्षात ठेवून उपयोग नाही.

लवकर पोचलात तर वेळ वाया जात नाही. जवळच रुबियर्ग क्नूडचा दीपस्तंभ आहे, वाळूच्या कड्यावर उभा. समुद्र कडा खात खात अगदी जवळ आला, तेव्हा ऑक्टोबर २०१९ मध्ये तो अख्खा दीपस्तंभ रुळांवर चढवून ७० मीटर आत सरकवला. आणखी वर स्कागेनला गेलात तर दोन समुद्र एकमेकांवर आदळताना दिसतात. तिथे पाण्यात उभं राहता येतं, पोहायचं मात्र नाही, प्रवाह धोक्याचे आहेत.

एक गंमत मला फार आवडते. आल्बोर्गपासून हिर्टशाल्सला जाणारा रस्ता म्हणजे ई-३९. तोच क्रमांक पलीकडे क्रिस्टियानसान्डला उतरल्यावर पुन्हा सुरू होतो आणि स्टावांगर, बर्गेन करत ट्रॉन्डहाइमपर्यंत जातो. म्हणजे त्यांच्या लेखी समुद्रही रस्त्याचाच तुकडा आहे.

जहाजावर

बंदरावर कॅमेरा नंबर प्लेट वाचतो, लेनचा आकडा असलेला कागद मिळतो आणि तुम्ही रांगेत उभे. कागद आरशाला अडकवायचा. स्वच्छतागृहाला आत्ताच जाऊन या, थर्मासमधला चहा प्या, पण लोक गाडीत परतायला लागले की तुम्हीही परता, कारण रांग एकदम हलते. पिवळ्या जाकिटातला माणूस हाताने इशारे करतो. त्याच्याकडेच बघायचं, मागच्या सीटवरून येणाऱ्या सूचनांकडे नाही. तो गाडी इतकी जवळ लावायला लावतो की पुढच्या गाडीचा बंपर दिसेनासा होतो. घाबरू नका, त्याला अंदाज असतो.

इंजिन बंद, हँडब्रेक घट्ट, गाडी गिअरमध्ये. ऑटोमॅटिक असेल तर पार्किंगमध्ये. गाडीचा चोर-अलार्म बंद करा. जहाजाच्या हेलकाव्याने तो वाजू लागतो आणि बॅटरी उतरते. कॅम्पर व्हॅन असेल तर गॅसचा सिलिंडर बंद करायचा असतो. मग डेकचा आकडा आणि जिन्याचा रंग यांचा फोटो काढा. हे लहान वाटतं, पण उतरायच्या वेळी शेकडो माणसं चार जिन्यांवर एकदम येतात आणि सगळे डेक सारखेच दिसतात. आमची लेक तेव्हा ‘हिरवा जिना, पाच नंबर’ असं गाणं म्हणत वर गेली होती आणि तीन तासांनी तेच गाणं आम्हाला खाली घेऊन आलं.

वर जाताना लागेल ते सगळं एका पिशवीत घ्या : स्वेटर, औषधं, खाऊ, पासपोर्ट, चार्जर. जहाज सुटलं की गाड्यांचा डेक कुलूपबंद होतो. कानटोपीसाठीही खाली जाता येत नाही.

मधला समुद्र स्कागेराक. शांत दिवशी तळ्यासारखा, पण पश्चिमेचा वारा सुटला की जहाज चांगलंच डोलतं. जहाज लागण्याचा त्रास असणाऱ्याने डॉक्टरांना विचारून गोळी आधीच घ्यावी, त्रास सुरू झाल्यावर तिचा फारसा उपयोग होत नाही. जहाजाच्या मध्यावर, खालच्या मजल्यावर बसावं, नजर क्षितिजावर ठेवावी. पोट रिकामं नको आणि तुडुंबही नको. बाबांना आलेपाक पुरला. आईने मात्र पूर्ण वेळ डोळे मिटून रामरक्षा म्हटली, आणि किनारा दिसल्यावरच डोळे उघडले.

मोबाईलबद्दल महत्त्वाचं. किनारा मागे पडला की फोन जहाजाच्या उपग्रह नेटवर्कला जोडला जातो. हे युरोपच्या रोमिंगमध्ये धरलं जात नाही आणि बिल भयंकर येतं. जहाज सुटताच सगळ्यांचे फोन विमान मोडवर टाका. सगळ्यांचे म्हणजे आजोबांचासुद्धा.

नॉर्वेत गाडी : किलोमीटर विसरा, तास मोजा

स्टावांगर ते बर्गेन दोनशे-सव्वादोनशे किलोमीटर, आणि लागतात पाच तास. हे एकदा मनात उतरलं की पुढचं सगळं सोपं होतं. शहराबाहेर वेगाची मर्यादा साधारण ८०, वस्तीत ५०. पण वळणं, बोगदे आणि फेऱ्या यांच्यामुळे सरासरी ५० चीच पडते. दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त गाडी चालवू नका. वेगमर्यादा मोडल्याचे दंड कित्येक हजार क्रोनरचे असतात, आणि काही बोगद्यांत दोन कॅमेऱ्यांमधली सरासरी मोजतात, त्यामुळे कॅमेऱ्यापाशी ब्रेक मारून सुटका नाही. दिवसाही हेडलाइट चालू ठेवणं डेन्मार्क, स्वीडन, नॉर्वे तिन्हीकडे सक्तीचं. रक्तातल्या दारूची मर्यादा नॉर्वे आणि स्वीडनमध्ये हजारी ०.२ आहे, म्हणजे एक ग्लासही नको.

या रस्त्यावरच्या छोट्या फेऱ्या हिर्टशाल्सच्या जहाजासारख्या नाहीत. आपल्याकडे दाभोळ-धोपाव्याला जशी गाडी चढवतात तसंच : रांगेत उभं राहायचं, चढायचं, पलीकडे उतरायचं. बुकिंग नाही. कॅमेरा नंबर टिपतो आणि बिल नंतर येतं. स्टावांगर-बर्गेन रस्त्यावर अशा दोन फेऱ्या आहेत, मोर्टाविका–आर्सवोगेन आणि सान्डविकवोग–हाल्येम. दुसरी पाऊण तासाची आहे, तिथे वर जाऊन जेवणाचा डबा उघडावा. एखादी चुकली तर पुढची थोड्या वेळात येतेच, त्यासाठी वेग वाढवू नका.

अरुंद रस्त्यांवर ठरावीक अंतरावर एम अक्षराची पाटी असते. ती समोरासमोर आलेल्या गाड्यांसाठी केलेली रुंद जागा. ज्याच्या जवळ ती असेल त्याने मागे घ्यायचं. आपल्या घाटांत गाडी चालवलेल्याला हे अंगवळणी असतं, पण तिथे हॉर्न वाजवत नाहीत. लांब उतारावर गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवा. डाल्सनिब्बा डोंगरावरून गाइरांगर फ्योर्डाकडे उतरताना ब्रेक जळाल्याचा वास आजूबाजूच्या गाड्यांतून सतत येत असतो. संध्याकाळी जंगलाच्या रस्त्यावर मूस नावाचं प्रचंड हरीण आडवं येऊ शकतं, आणि डोंगरावर मेंढ्या तर रस्त्यातच बसलेल्या असतात.

चौदा दिवसांची मांडणी

पहिले दोन दिवस हिर्टशाल्सपर्यंत, तिसऱ्या दिवशी समुद्र ओलांडून क्रिस्टियानसान्ड. पुढचे दोन मुक्काम स्टावांगरला. इथून प्राइकेस्तूलेन, म्हणजे लिसेफ्योर्डवर ६०४ मीटर उंच लटकलेला सपाट कडा. जायला चार किलोमीटर आणि यायला तेवढेच. दगडांच्या पायऱ्या आहेत, पण गुडघे दुखणाऱ्यांनी जाऊ नये. आमच्याकडे दोन तुकड्या झाल्या : आम्ही दोघं कड्यावर, आई-बाबा आणि लेक फ्योर्डातल्या बोटीत. कड्याला कठडा नाही. मुलांचा हात सोडू नका.

मग बर्गेनला दोन मुक्काम. पाऊस गृहीत धरा, कोकणातल्यासारखाच तो चिकाटीचा असतो. ब्रिगेनची लाकडी घरं, डोंगरावर जाणारी फ्लॉयबानेन ही छोटी रेल्वे, बस्स. सातव्या दिवशी फॉसमार्गे फ्लोमला. तिथून पुढे लॅर्डालचा बोगदा, २४.५ किलोमीटर, २००० साली सुरू झालेला, जगातला सर्वांत लांब रस्त्याचा बोगदा आणि टोल शून्य. चालवणाऱ्याला झापड येऊ नये म्हणून आत तीन ठिकाणी निळ्या उजेडाच्या गुहा केल्या आहेत. हवा स्वच्छ असेल तर मात्र उन्हाळ्यात बोगदा सोडून वरचा आउरलांड डोंगराचा रस्ता घ्या. जूनमध्येही तिथे दोन्ही बाजूंना बर्फाच्या भिंती असतात.

बोगद्यानंतर फोडनेस–मानहेलर ही पंधरा मिनिटांची फेरी, आणि मग सोग्नेफ्येल, १,४३४ मीटरवरून जाणारा घाट. अख्ख्या प्रवासातला माझा सर्वांत आवडता दिवस हाच. दोन्हीकडे हिमनद्या, रस्त्याला लागून गोठलेली तळी आणि वर एवढी शांतता की इंजिन बंद केल्यावर बाबा नकळत कुजबुजत बोलायला लागले. हा रस्ता हिवाळ्यात बंद असतो, साधारण मे महिन्यात उघडतो. म्हणून जूनचा मध्य ते ऑगस्टअखेर हाच या सहलीचा काळ. खाली लोमला बाराव्या शतकातलं लाकडी चर्च आहे आणि धबधब्याजवळ बेकरी. तीन रात्री इथेच राहा, मधल्या एका दिवशी सामान खोलीवर ठेवून गाइरांगर करून या. दुसरा दिवस पावसासाठी राखीव, पाऊस नाही पडला तर आराम. ट्रोलस्टिगेन घाटाची ११ वळणं बघायची हौस असेल तर तो रस्ता उघडा आहे का हे आदल्या दिवशीही तपासा. दरडी कोसळल्यामुळे २०२४ मध्ये तो बंद करावा लागला होता.

मुक्कामासाठी कॅम्पसाइटवरच्या लाकडी खोल्या घ्या. चार बंक, शेगडी, फ्रिज, समोर नदी. चादरी, उश्यांचे अभ्रे आपलेच न्यायचे आणि निघताना झाडून-पुसून द्यायचं, नाहीतर सफाईचे पैसे लागतात. फोडणी देताना खिडक्या सताड उघडा. पहिल्या सकाळी कांदेपोह्यांच्या मोहरीने आमच्या खोलीतला धुराचा अलार्म वाजवला आणि शेजारचं डच कुटुंब धावत आलं. त्यांनाही पोहे दिले.

अकराव्या दिवशी ई-६ ने लिलेहामरवरून ओस्लो, साडेतीनशेच्या वर किलोमीटर. बारावा ओस्लोत पायी. तेराव्या दिवशी गोथेनबर्ग, आणि चौदाव्या दिवशी माल्मोहून ओरेसुंड पूल. पूल आठ किलोमीटर, मग माणसाने बांधलेलं बेट, मग रस्ता चक्क समुद्राखाली जातो. त्याचं तिकीट ऑनलाइन स्वस्त पडतं. कोपनहेगननंतर रोडबी–पुटगार्डन ही ४५ मिनिटांची शेवटची फेरी. या दिवशी फार धावपळ वाटत असेल तर कोपनहेगनला एक मुक्काम वाढवा. दमल्या अंगाने रात्री ऑटोबान नको.

परतल्यावर

टोल आणि छोट्या फेऱ्यांची बिलं घरी यायला काही आठवडे, कधी महिनेही लागतात. निघण्याआधीच परदेशी गाड्यांसाठीच्या ईपास२४ या साइटवर गाडीचा नंबर आणि पत्ता नोंदवला तर बिल ईमेलवर येतं, टपालात हरवत नाही. भाड्याच्या गाडीची बिलं कंपनीमार्फत, वर त्यांचं सेवाशुल्क लावून येतात. गाडी ज्या कार्डावर घेतली त्यावर थोडी शिल्लक ठेवा. कोणत्या दिवशी कोणती फेरी घेतली हे मी गाडीतल्या वहीत लिहून ठेवलं होतं. आमचं शेवटचं बिल ऑक्टोबरात आलं, त्यात एक फेरी दोनदा धरलेली होती. वहीच्या पानाचा फोटो पाठवला, आणि पैसे परत आले.